सेवेची दोन वर्षे, अभ्यासाची दोन वर्षे : आरोग्य-मानवशास्त्र आणि परदेशातील स्वयंसेवा

पेरू देशातील इका खोऱ्यात लॉस मोलिनोस नावाचे एक गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे आरोग्य खात्याची एक कार्यकर्ती दोन वर्षे घरोघर फिरत होती. पिण्याचे पाणी उकळून घ्या, हे तिचे मुख्य सांगणे. गावात सुमारे दोनशे कुटुंबे होती. दोन वर्षांच्या खटपटीनंतर तिचे ऐकून पाणी उकळू लागलेली कुटुंबे निघाली अवघी अकरा. एडवर्ड वेलिन या मानवशास्त्रज्ञाने या मोहिमेचा अभ्यास केला आणि तो बेंजामिन पॉल यांनी १९५५ साली संपादित केलेल्या ‘हेल्थ, कल्चर अँड कम्युनिटी’ या ग्रंथात समाविष्ट झाला. गावातील स्त्रिया आळशी नव्हत्या, मूर्ख तर नव्हत्याच. त्यांच्या समजुतीत खाण्यापिण्याच्या वस्तूंची ‘उष्ण’ आणि ‘थंड’ अशी वाटणी होती. उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी मानले जाई आणि धडधाकट माणसाने ते पिणे विचित्र ठरे. त्यात भर सरपणाची आणि वेळेची. पपई उष्ण आणि ताक थंड मानणाऱ्या आपल्या घरांत ही मांडणी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

‘काय करावे’ हे वैद्यकाला ठाऊक असते. ‘लोक ते का करत नाहीत’ याचे उत्तर मात्र प्रयोगशाळेत सापडत नाही. ते शोधणाऱ्या ज्ञानशाखेला आरोग्य-मानवशास्त्र किंवा वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात. आजार म्हणजे काय, तो कशाने होतो, त्यावर कोणाकडे जावे, बरे होणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळे समाज निरनिराळी देतात. त्या उत्तरांचा, आणि त्यांच्यामागे असलेल्या जमीन, मजुरी, जात, लिंग व सत्ता यांच्या संबंधांचा हा अभ्यास आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे ‘मेडिसिन, मॅजिक अँड रिलिजन’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या शाखेला स्वतंत्र नावही नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर विकसनशील देशांत मोठमोठ्या आरोग्य मोहिमा सुरू झाल्या, त्यांतील अनेक लॉस मोलिनोसप्रमाणे अडखळल्या, आणि मग मानवशास्त्रज्ञांना बोलावणे येऊ लागले. १९८० साली आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमधील अभ्यासावर आधारलेल्या ग्रंथात डॉक्टरने पाहिलेला ‘रोग’ आणि रुग्णाने भोगलेले ‘आजारपण’ यांतील भेद ठळकपणे मांडला. तेव्हापासून हा भेद या विषयाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यातच शिकवला जातो.

हे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक व्यावहारिक अडचण असते. वर्गात बसून ही विद्या अर्धीच येते. परक्या समाजात राहणे, तेथील भाषा बोलणे, एक पूर्ण ऋतुचक्र पाहणे हे या शास्त्राचे प्रयोगशाळेतले काम. ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिएंड बेटांवर राहिले, तेव्हापासून दीर्घ निवासाखेरीज मानवशास्त्रज्ञ घडत नाही असा दंडक पडला. पण पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची, खिसा विद्यार्थ्याचा. अशा स्थितीत परदेशी खेड्यात वर्ष-दीड वर्ष कोण ठेवणार? दुसरीकडे, स्वयंसेवक म्हणून परदेशी गेलेल्या तरुणाकडे दोन वर्षे असतात, घर असते, गावाने दिलेली ओळख असते. पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ लावण्याची साधने मात्र नसतात. एकाकडे प्रश्न आहेत आणि गाव नाही, दुसऱ्याकडे गाव आहे आणि प्रश्न नाहीत. या दोन उणिवा एकमेकींना पूरक ठरतील, या कल्पनेतून अमेरिकेत एक रीतसर योजनाच उभी राहिली.

पीस कोअर आणि पदवीची सांगड

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी अध्यक्षीय आदेशाने पीस कोअर ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. सार्जंट श्रायव्हर हे तिचे पहिले संचालक. शिक्षण, शेती, आरोग्य अशा क्षेत्रांत अमेरिकी नागरिकांना यजमान देशाच्या विनंतीवरून तेथे पाठवायचे, स्थानिक माणसाच्या राहणीमानाच्या जवळपास ठेवायचे आणि दोन वर्षांनी परत आणायचे, हे तिचे स्वरूप आजही फारसे बदललेले नाही. सेवेचा काळ सत्तावीस महिन्यांचा : तीन महिने भाषा व कामाचे प्रशिक्षण आणि दोन वर्षे प्रत्यक्ष काम. आजवर २,४०,००० हून अधिक स्वयंसेवकांनी १४० हून अधिक देशांत काम केले आहे.

भारतातही हे स्वयंसेवक आले होते. १९६१ ते १९७६ या पंधरा वर्षांत त्यांची संख्या चार हजारांवर गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली त्यांतील सर्वांत प्रसिद्ध स्वयंसेविका म्हणजे लिलियन कार्टर. व्यवसायाने परिचारिका असलेल्या या बाई १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुंबईजवळच्या विक्रोळीतील गोदरेज वसाहतीत आल्या आणि सुमारे एकवीस महिने राहिल्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. लिलियनबाईंनी घरी लिहिलेली पत्रे नंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काही संशोधक नव्हत्या. पण स्वयंसेवेला वयाची अट नसते, हे सांगताना त्यांचे उदाहरण आजही दिले जाते.

सेवा आणि पदवी यांची सांगड दोन तऱ्हांनी घातली गेली. पहिली तऱ्हा सेवा संपवून आलेल्यांसाठी. १९८५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सुरू झालेल्या या उपक्रमाला पुढे पीस कोअरचे माजी संचालक व सिनेटर पॉल कव्हरडेल यांचे नाव देण्यात आले. परत आलेल्या स्वयंसेवकाला विद्यापीठ शुल्कात सवलत देते, आणि त्याने शिकत असताना अमेरिकेतीलच एखाद्या उपेक्षित वस्तीत काम करायचे असते. दुसरी तऱ्हा १९८७ साली रटगर्स विद्यापीठाच्या कॅमडेन येथील शाखेत सुरू झाली आणि ती ‘मास्टर्स इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली गेली. तिच्यात सेवा हा पदवीच्याच पोटातील एक टप्पा होता. विद्यार्थी आधी साधारण एक वर्ष विद्यापीठात शिकत असे, मग सत्तावीस महिने परदेशी जात असे, आणि परतून उरलेले विषय व प्रबंध पुरा करत असे. विद्यापीठाचा प्रवेश आणि पीस कोअरची निवड या दोन वेगळ्या परीक्षा. एकीत पास झाल्याने दुसरीचे दार उघडत नसे. सार्वजनिक आरोग्य शिकवणारी ट्युलेन आणि एमरी यांसारखी विद्यापीठेही या योजनेत सहभागी होती. काही विद्यापीठे सेवाकाळाचे श्रेयांक विनाशुल्क देत. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षे लागणारी ही पदवी दिसते तितकी महाग पडत नसे.

या योजनेतील एक अट वरवर किरकोळ, पण वस्तुतः सर्वांत महत्त्वाची होती. स्वयंसेवकाला कोणत्या देशात, कोणत्या गावी, कोणत्या कामावर पाठवायचे, हे पीस कोअर आणि यजमान देश ठरवत. विद्यार्थ्याचा प्रबंध ठरवत नसे. मलेरियावर प्रबंध लिहायची मनीषा बाळगणाऱ्याला डोंगरातील अशा गावी जावे लागे जेथे डास नाहीत, पण शौचालयेही नाहीत. चांगले मार्गदर्शक म्हणूनच विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी विषय पक्का करू देत नसत. पद्धत शिकवत आणि विषय गावाने ठरवावा असे सांगत. ज्यांना हे पचत नसे त्यांची दोन वर्षे चरफडण्यात जात. ज्यांना पचे त्यांना एक अनपेक्षित लाभ होई. पुस्तकातून उचललेल्या प्रश्नाऐवजी लोकांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या हाती लागे.

ऐकण्याचे शास्त्र

स्वयंसेवकाच्या रोजच्या कामात या शास्त्राचा उपयोग कसा होतो, हे बांगलादेशातील एका मोहिमेवरून स्पष्ट होते. अतिसारात शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. मीठ, साखर आणि पाणी यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण पाजले तर बहुतेक मुले वाचतात. १९७१ च्या युद्धात बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. पुढे ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. माता ते अचूक शिकल्या. तरीही प्रत्यक्ष आजारात त्याचा वापर सुरुवातीला फार कमी होता.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. ज्याला डॉक्टर एका शब्दात अतिसार म्हणतात, त्याचे गावकऱ्यांच्या लेखी चार वेगवेगळे आजार होते. अंगावरच्या दुधाने होणारी हगवण निराळी, अपचनाची निराळी, आवेची निराळी. आणि ‘डायरिया’ हा शब्द त्यांनी केवळ पटकीसारख्या जीवघेण्या जुलाबासाठी राखून ठेवला होता. कार्यकर्तीने ‘डायरियावर हे पाणी द्या’ असे सांगितले होते आणि मातांनी तिची आज्ञा तंतोतंत पाळली होती. त्यानंतर संदेशाची भाषा बदलण्यात आली. मराठीतही जुलाब, हगवण, आव, ढाळ आणि संग्रहणी हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे घरातील कोणतीही वडीलधारी बाई सांगेल. आरोग्यपत्रके लिहिणाऱ्यांनी तिला क्वचितच विचारले आहे.

म्हणून या दुहेरी शिक्षणात भाषेला प्रथम स्थान आहे. दुभाष्याच्या तोंडून मिळालेल्या उत्तरात हे चार आजार पुन्हा एका शब्दात गोळा होतात. पीस कोअरच्या प्रशिक्षणकाळात स्वयंसेवक स्थानिक कुटुंबात राहतो आणि राजधानीतल्या शिष्ट भाषेऐवजी नेमणुकीच्या मुलखातील बोली शिकण्यावर भर असतो. क्लाइनमन यांनी सुचवलेले साधे प्रश्न (तुमच्या मते हे दुखणे कशाने झाले? ते तेव्हाच का सुरू झाले? त्याची सर्वांत मोठी धास्ती कोणती वाटते?) कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ करता येतात. ते ज्या घरी विचारायचे त्या घरच्या ओसरीवर बसण्याचा हक्क मात्र महिनोन्महिने कमवावा लागतो.

संस्कृती की गरिबी

याच टप्प्यावर या विद्येतील सर्वांत मोठा सापळा आहे. लॉस मोलिनोससारख्या कथा ऐकून तयार झालेला तरुण गावात जातो आणि त्याला जिकडेतिकडे ‘समजुती’ दिसू लागतात. औषध घेतले नाही, कारण भुताटकीवर विश्वास. दवाखान्यात आली नाही, कारण रूढी. अशी स्पष्टीकरणे वाचायला आकर्षक असतात आणि अनेकदा चुकीची असतात.

हा सापळा ज्याने उघडा पाडला त्याची कारकीर्दच अभ्यास आणि परदेशातील सेवा यांच्या संयोगाचे सर्वांत ठळक उदाहरण मानली जाते. पॉल फार्मर यांनी ड्यूक विद्यापीठातून १९८२ साली पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी ते हैतीत गेले. त्यानंतर हार्वर्डमध्ये वैद्यक आणि मानवशास्त्र या दोन्हींचे शिक्षण घेताना ते वर्षाचा मोठा भाग हैतीच्या मध्य पठारावरील कांज या वस्तीत काढत, परीक्षेपुरते बोस्टनला येत. १९९० साली त्यांना दोन्ही पदव्या एकदमच मिळाल्या. कांज हे धरणग्रस्तांचे गाव. १९५० च्या दशकात पेलिग्र येथे धरण झाले, खालची सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि शेतकरी वरच्या उजाड डोंगरावर चढले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एड्स अँड अ‍ॅक्युझेशन’ या ग्रंथात फार्मर यांनी दाखवले की गावातील लोक या नव्या रोगाचा अर्थ करणीच्या भाषेत लावत होते हे खरे. पण तो गावात आला तो धरणाने देशोधडीला लागलेल्या आणि पोटासाठी राजधानीची वाट धरलेल्या तरुणांच्या पावलांनी. त्याच सुमारास अमेरिकेत हैतीयन माणसालाच रोगाचे मूळ ठरवले जात होते. करणीचा आरोप तेथेही होताच. फक्त शब्द वैज्ञानिक होते.

पुढे क्षयरोग्यांबाबत त्यांच्या चमूने एक साधी तुलना केली. दोन्ही गटांना औषधे मोफत. एका गटाला त्याशिवाय खाण्यापिण्यासाठी थोडी मासिक रक्कम, दवाखान्यात येण्याचे भाडे आणि घरी येऊन विचारपूस करणारा आरोग्यसेवक. या गटातील सर्व रुग्ण बरे झाले. नुसती औषधे मिळालेल्या गटात जेमतेम निम्म्यांहून थोडे अधिक. आपला क्षय कोणीतरी करणी करून पाठवला आहे असे मानणारे रुग्ण दोन्ही गटांत होते, आणि त्या समजुतीचा बरे होण्याशी काही संबंध आढळला नाही. संबंध होता तो भाताशी आणि बसभाड्याशी.

हा निष्कर्ष लॉस मोलिनोसला खोटे ठरवत नाही. तो विद्यार्थ्याला एक क्रम शिकवतो : आधी सरपणाचा, पाण्याच्या अंतराचा, मजुरी बुडण्याचा हिशेब करावा, आणि त्यातून जे उलगडत नाही त्यासाठी समजुतींकडे वळावे. दोन महिन्यांच्या अभ्यासदौऱ्यावर आलेल्या संशोधकाला हा हिशेब लागत नाही, कारण घरची तंगी पाहुण्यापुढे कोणी मांडत नाही. दोन वर्षे शेजारी राहणाऱ्याला तो आपोआप दिसतो. दीर्घ सेवेचे शास्त्रीय मोल असेल तर ते हेच.

दोन टोप्या, एक डोके

सेवक आणि संशोधक या दोन भूमिका एका माणसात आल्या की तिसऱ्या कोणाचा तरी प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे गावकऱ्याचा. लसीकरणाच्या दिवशी मुलाला मांडीवर घेणारी, आजीला दवाखान्यात पोचवणारी ही परदेशी मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन येते आणि म्हणते, माझ्या अभ्यासासाठी तुमच्या बाळंतपणाविषयी सांगाल का? ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार बाईला कागदोपत्री आहे. पण उद्या पुन्हा आजी आजारी पडली तर? उपकाराखाली दिलेली संमती ही संमती आहे की परतफेड?

हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि नियमांनी तो पुरता सुटतही नाही. अमेरिकी विद्यापीठांत माणसांवरील प्रत्येक संशोधनाला नैतिक समितीची मान्यता लागते. १९७९ च्या बेल्मॉंट अहवालाने घालून दिलेली व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तत्त्वे त्यामागे आहेत. यजमान देशाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. भारतात असे काम करायचे तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने २०१२ साली स्वीकारलेल्या आचारतत्त्वांत पहिलेच तत्त्व आहे, अपाय करू नये. परंतु ‘अपाय’ हा शब्द तीनशे उंबऱ्यांच्या गावात फार लवचीक होतो. प्रबंधात नावे बदलली तरी ‘नदीकाठी राहणारी, दोनदा लग्न मोडलेली सुईण’ कोण, हे गावातील शेंबडे पोरही सांगते.

जाणकार पर्यवेक्षक म्हणून काही कडक पथ्ये पाळायला लावतात. सेवेच्या ओघात कानावर आलेली खासगी गोष्ट, आधी स्वतंत्र संमती घेतलेली नसेल तर, प्रबंधात येणार नाही. मग ती कितीही मोलाची असो. ज्या रुग्णाची सेवा स्वतः करायची त्याची मुलाखत स्वतः घ्यायची नाही. पहिल्या सहा-आठ महिन्यांत संशोधनाचे नावच काढायचे नाही. आणि निष्कर्ष आधी गावाला, गावाच्या भाषेत सांगायचे, विद्यापीठाला नंतर. यातील शेवटचे पथ्य सर्वांत जास्त मोडले जाते. विमान पकडायची घाई असते आणि प्रबंध तर दोन वर्षांनी इंग्रजीत लिहून होतो.

संशयाचा इतिहासही या वाटेवर आहे. १९१९ साली फ्रांझ बोआस यांनी, काही मानवशास्त्रज्ञांनी युद्धकाळात संशोधनाच्या आडून हेरगिरी केली, असा जाहीर आरोप केला आणि त्याबद्दल त्यांच्याच संघटनेने त्यांच्यावर ठपका ठेवला. शीतयुद्धाच्या काळात पीस कोअरच्या स्वयंसेवकांकडेही अनेक देशांत याच नजरेने पाहिले गेले. अमेरिकी गुप्तहेर संस्थेत कधीही काम केलेल्या व्यक्तीला पीस कोअरमध्ये प्रवेश नाही, हा नियम त्या पार्श्वभूमीवरचा. परक्या देशातून आलेला, खूप प्रश्न विचारणारा आणि सगळे लिहून ठेवणारा माणूस नक्की कोणासाठी लिहितो, हे विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. भारतातील धरणग्रस्त, आदिवासी आणि मच्छीमार वस्त्यांनी सर्वेक्षण करणाऱ्यांना हा प्रश्न आता नेमाने विचारायला सुरुवात केली आहे, ही या शास्त्राच्या दृष्टीने हिताचीच गोष्ट आहे.

मास्टर्स इंटरनॅशनल योजना २०१६ साली बंद झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतील आपल्या सुमारे सात हजार स्वयंसेवकांना काही दिवसांत माघारी बोलावले. पहिली तुकडी पुन्हा परदेशी गेली ती मार्च २०२२ मध्ये. अर्धवट राहिलेल्या वह्या आणि निरोप न घेता सोडलेली घरे यांचे दुखणे त्या पिढीला आहे. पदवीच्या पोटातच सेवा ठेवणारी रीतसर चौकट आज उरलेली नाही. सेवेनंतर पदवी घेणाऱ्यांसाठीचा कव्हरडेल उपक्रम मात्र चालू आहे, आणि काही विद्यापीठे आपल्या पातळीवर विद्यार्थ्याला सेवाकाळापुरती रजा व काही श्रेयांक देतात.

गोवा आणि शेजारचा मुलूख

हा सारा प्रपंच दूरदेशीचा वाटला तरी त्याचे धागे आपल्या परिसरात आलेले आहेत. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. हाच तो माकडताप, गोचिडींमार्फत पसरणारा. मार्क निक्टर हे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ दक्षिण कन्नड जिल्ह्यात दीर्घकाळ काम करत होते. त्यांनी १९८७ साली या रोगावर लिहिलेल्या निबंधात त्याला विकासाचा आजार म्हटले. काजूच्या लागवडीसाठी तोडलेले जंगल, त्या कडेला गुरे चारणारी आणि लाकूडफाटा गोळा करणारी गरीब माणसे, आणि या संकटाचा दैवतांच्या कोपाशी लावला जाणारा संबंध या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र वाचल्या. त्यानंतर तीन दशकांच्या आत, २०१५ साली सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात माकडताप आला. काजूच्या हंगामात बागेत जाणे टाळा, हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष होता. पण ज्याचे वर्षाचे पैसे त्या दोन-तीन महिन्यांत उभे राहतात त्याला तो कसा ऐकू आला असेल, हा प्रश्न आरोग्य-मानवशास्त्राचा आहे.

दुसरा धागा उलट्या दिशेने येतो. मुंबईत वैद्यक शिकलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९० च्या दशकात झिंबाब्वेच्या हरारे शहरात राहून काम करत होते. तेथील शोना भाषेत खिन्नतेसाठी डॉक्टरी शब्द नाही, पण ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करत राहणे, असा शब्द आहे, आणि लोक आपले दुखणे त्या शब्दात सांगतात. तेथील उपचारक आणि रुग्ण यांच्याकडून शिकलेली ही रीत घेऊन ते गोव्यात आले. १९९६ साली येथे संगाथ ही संस्था सुरू झाली. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकांनी खिन्नतेच्या रुग्णांना कशी मदत केली, याचा अहवाल २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर चर्चिला गेला. ‘डिप्रेशन’ म्हटल्यावर गप्प होणारा माणूस ‘टेन्शन’ म्हटल्यावर बोलू लागतो, हे ज्याला आधी हरारेत कळले त्याला म्हापशात शोधावे लागत नाही.

मराठी विद्यार्थ्याला या वाटेने जायचे असेल तर काही गोष्टी आधीच स्पष्ट असाव्यात. पीस कोअरसाठी अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य आहे. तेथे विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या भारतीयाला ते दार बंद असते, तेथेच जन्मलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना खुले. भारतीय नागरिकाला संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात अर्ज करता येतो. १९७० साली आमसभेने स्थापन केलेल्या या कार्यक्रमाचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. पण त्याची नेमणूक कोणत्याही पदवीला जोडलेली नसते. सांगड विद्यार्थ्यानेच, आपल्या विद्यापीठाची लेखी संमती घेऊन, घालायची असते. ॲम्स्टरडॅम, एडिंबरा आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीय मानवशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. त्यांतील क्षेत्रकार्याचा अवधी मात्र काही आठवड्यांचाच असतो, दोन वर्षांचा नव्हे.

घराजवळ पाहिले तर धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, पुणे विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ येथे मानवशास्त्राचे विभाग आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. निवासी क्षेत्रकार्यासाठी परदेशच हवा असेही नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरगुती काळजी शिकवली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या मुळाशी स्त्रियांनी आपल्या दुखण्यांना दिलेली नावे वर्षानुवर्षे ऐकून घेण्याचे काम होते. गोंडी शिकणे हे मराठी तरुणाला स्वाहिली शिकण्याइतकेच नवे आहे, आणि मधले अंतर विमानाचे नसून एका रात्रीच्या एसटीचे आहे.

अर्ज करणाऱ्याने क्रमही विचारात घ्यावा. आधी सेवा आणि मग पदवी असा क्रम ठेवला तर प्रश्न पक्के होऊन वर्गात येतात, पण गावात असताना नोंदी कशा ठेवायच्या हे माहीत नसल्याने बरेचसे निसटते, आणि संमतीशिवाय ठेवलेल्या नोंदी पुढे वापरता येत नाहीत. आधी एक वर्ष शिकून गेल्यास पद्धत हाती असते. विद्यापीठाकडून रजेचा काळ, शुल्क आणि नैतिक समितीची मान्यता या तीन गोष्टी मात्र जाण्यापूर्वीच लेखी मिळवाव्या लागतात. नैतिक समितीची मान्यता साधारणतः ठराविक मुदतीपुरतीच असते. सेवा लांबली तर ती परदेशातूनच वाढवून घ्यावी लागते, आणि हे काम इंटरनेट नसलेल्या गावातून करण्यापेक्षा प्रशिक्षणकाळात, शहरात असतानाच उरकलेले बरे.